मनकर्णाबाईंचा बांदा

आमच्या घरात हौदावर एक झाड टांगलेलं आहे. टांगलेलं म्हणजे अगदी टांगलेलंच. त्याला कुंडी नाही, माती नाही. आंब्याच्या फांदीचा हातभर तुकडा, त्याला सुंभानं बांधलेलं झाड आणि खाली हवेत लोंबणाऱ्या जाड, पांढुरक्या मुळ्या. पानं लांब, कडक, पट्ट्यासारखी आणि शेंड्याला उंदरानं कुरतडल्यासारखी. नवा माणूस ते पाहून विचारतो, हे वाळत घातलंय का.  हौदातलं तांब्याभर पाणी माझी बायको त्या मुळ्यांवर शिंपडते आणि पांढऱ्या मुळ्या बघता बघता हिरव्या होतात. पाहुणा आणखी जवळ वाकतो. हा खेळ तिनं कितीदा तरी केला असेल, पण दर वेळी तिचा चेहरा तसाच उजळतो. मीही दर वेळी शेजारी जाऊन उभा राहतो. माझं तिथं काही काम नसतं.

मी अदालतीत मुतर्जिम होतो. मोडीतले आणि बाळबोधीतले मराठी कागद उर्दूत उतरवायचे, एवढंच काम. दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेण्यात उमर गेली, त्यामुळे स्वतःच्या शब्दांत काही सांगायचं म्हटलं की धीर होत नाही. पण या झाडाची हकीकत दुसऱ्या कोणी लिहिली तर तो त्यात माझं नाव पुढं घालील, अशी मला भीती आहे. म्हणून मीच लिहितो.

माझा मेहुणा कारभारी खुलताबादच्या पलीकडे शेती करतो. एका उन्हाळ्यात वावटळीनं त्याच्या बांधावरचा जुना आंबा पडला. त्यानं फांद्या तोडून बैलगाडीत भरल्या आणि बहिणीच्या चुलीला जळण म्हणून आमच्या दारात आणून टाकल्या. लाकडं रचताना तिला एका फांदीवर हे झाड दिसलं. ती ते हळूच सोडवायला लागली तेव्हा कारभारी हसला.

"आक्का, ते बांडगूळ हाय. झाडाचं रगत पितं. चुलीत घाल."

तिनं फांदी उलटीपालटी करून पाहिली. "फांदी मरून किती दिस झालं?"

"झालं की लई."

"फांदी मेली, आन हे हिरवंगार हाय. मग हे रगत पितंय कुणाचं, तुझं?"

कारभारी डोकं खाजवत चहा प्यायला बसला. मी ओट्यावरून ऐकत होतो. अदालतीत मी पुष्कळ वकिलांची बहस ऐकली होती. त्यांतल्या फार थोड्यांना एवढ्या कमी शब्दांत मुद्दा मांडता आला होता. पण हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी फक्त खाकरलो.

मात्र पुढं तिच्या हातून घोटाळा झाला. झाड म्हटलं की माती, माती म्हटलं की खत, असं आपण सगळेच धरून चालतो. तिनं रॉकेलच्या डब्यात काळी माती आणि शेणखत भरलं, त्यात झाडाच्या मुळ्या पुरल्या आणि तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालायला लागली. झाडाची खालची पानं पिवळी पडली. तिनं आणखी पाणी घातलं. आणखी पानं गळाली.

माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते विलायतेतल्या काचेच्या घरांसाठी लिहिलेलं होतं, आणि त्यातल्या चित्रांतली फुलं राजघराण्यातल्या बायकांसारखी दिसत. त्यात ऑर्किड नावाच्या झाडांचं एक प्रकरण होतं. ही झाडं दुसऱ्या झाडावर बसतात पण त्याचं काही खात नाहीत, हवेतल्या ओलीवर आणि सालीवर साचलेल्या कचऱ्यावर जगतात, मातीत पुरली तर मुळ्या गुदमरून कुजतात, असं लिहिलं होतं. मला वाटलं, हे आपलंच झाड. मग वाटलं, आपण कोण ठरवणार? चित्रातलं झाड वेगळं, देश वेगळा. तिचं चाललेलं काम मी पुस्तकापायी बिघडवायचो. असं म्हणत मी गप्प राहिलो, आणि झाडाला दोनच पानं उरली तेव्हा धीर करून तिला ते प्रकरण वाचून दाखवलं.

तिनं उठून डबा उपडा केला. मुळ्या काळ्या, लिबलिबीत झाल्या होत्या. तिनं कुजकं सगळं कात्रीनं काढलं, उरलेल्या दोन मुळ्या सावलीत वाळवल्या आणि जळणात राहिलेला त्याच फांदीचा तुकडा शोधून झाड परत त्याच्यावर बांधलं. मला म्हणाली, "वाचलं तुमी, पर वाचवलं मी." हे वाक्य तिला इतकं आवडलं की त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाला तिनं ते ऐकवलं.

त्यानंतर ते झाड आणि ती. आमच्या हौदात नहरेचं, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचं, पाणी येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथं गारवा असतो. तिनं झाड हौदावर टांगलं. पण तिथं ऊन कमी, म्हणून पानं गडद झाली आणि वाढ थांबली. मग ती रोज सकाळी ते पूर्वेच्या भिंतीच्या खुंटीला अडकवायची आणि ऊन तापायच्या आत परत हौदावर न्यायची. झळा सुरू झाल्या की ओलं गोणपाट बाजूला बांधायची. पानांच्या खाली तपकिरी कीड बसली तर रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसायची. पाणी घालायचं की नाही हे ती मुळ्यांना विचारायची. पांढऱ्या असल्या तर तहान, हिरव्या असल्या तर नाही. पावसाळ्यात मुळ्या कधी पांढऱ्या व्हायच्याच नाहीत, तेव्हा ती तांब्याला हात लावायची नाही. दोन पावसाळे गेले. नव्या मुळ्या आल्या, पानं आली. फूल मात्र आलं नाही. शेजारपाजारचे विचारायचे, हे एवढं करून मिळतं काय? ती म्हणायची, तुमच्या पोरांचं पण मी हे विचारत नाय.

तिसऱ्या उन्हाळ्यात पानाच्या बेचक्यातून एक हिरवी बोंडी वर आली. मी चष्मा लावून, पुस्तक शेजारी धरून पाहिलं आणि ती नवी मुळी आहे असं सांगितलं. ती म्हणाली, मुळी खाली बघती, हे वर बघतंय. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. ती चित्राकडे बघायला तयार नव्हती. आठ-पंधरा दिवसांत त्या मुळीला कळ्या आल्या. मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

फुलं उमलली तेव्हा सरकारी सालातला तीर महिना होता, म्हणजे ऐन वैशाख. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, पाकळीची मागची बाजू दुधासारखी पांढरी आणि मध्ये जांभळी जीभ. वास इतका मंद की जवळ गेलं तर वाटावं भास झाला, आणि दूर गेलं तर मागून यावा. संध्याकाळी आमचे घरमालक गयासभाई भाडं न मागता नुसते फूल बघायला आले. शहरात आंब्यांची नुमाइश भरायची होती आणि ते तिच्या व्यवस्थेत होते. आंब्यांच्या बाजूला फुलांचाही एक मंडप असणार होता. ते म्हणाले, या उन्हात मोगऱ्याशिवाय कोण काय आणणार? मुतर्जिमसाब, हे तुमचं झाड ठेवा. बागखात्याचे नाझिमसाहेब हैदराबादेहून येणार आहेत. तुमचं नाव होईल.

माजघरातून तिचा आवाज आला. "ठिवा की. पर नाव माझं लिवा."

गयासभाई हसले. बायकांच्या वस्तू नुमाइशीत येतात, पण त्या नवऱ्याच्या नावानं, अमक्याच्या घरातून, अशा लावतात, हे त्यांनी तिला समजावलं. "मर्दाने में औरतजात का नाम पुकारना अच्छा दिखता क्या, भाभी?"

"भाई, झाड बाईचं चालतंय, आन नाव बाईचं चालत नाय व्हय?"

गयासभाई माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघायला लागलो. ते गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. असं ती सहसा बसत नाही.

"मी साळंत गेले नाय," ती म्हणाली. "साळंत हजेरीला नाव पुकारत्यात म्हणं. तुमच्या अदालतीत चोरांची बी नावं पुकारत्यात. माझं नाव अजून एकडाव बी चार लोकांत कुणी पुकारलेलं नाय. कारभारी आक्का म्हणतो, शेजारी भाभी म्हणत्यात. आन तुमी तर अगं बी म्हणत नाय, खाकरता."

हे खरं होतं. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवराही बायकोचं घेत नसे. ते उथळपणाचं समजत. लग्नात उंबरठ्यावर बायकांनी अडवलं तेव्हा मी तिचं नाव उखाण्यात घेतलं होतं, तेही असं पुटपुटत की मागच्या रांगेतल्यांनी पुन्हा घ्यायला लावलं. त्यानंतर मी ते तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. पण लेखणीला लाज नसते. मी तिला म्हणालो, लिहितो.

झाडाला बांधायची नावाची चिठ्ठी लिहायला मी संध्याकाळ घालवली. ऑर्किड लिहावं तर नुमाइशीत चिठ्ठ्या तपासणाऱ्या पेशकाराला कळणार नाही. बांडगूळ लिहिलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं. डोंगरातली म्हातारी माणसं या झाडाला बांदा म्हणतात, तेच नाव घेतलं. पण नुसता बांदा रुक्ष वाटला. शेवटी जाड कागदावर, बोरूनं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात मी उर्दूत लिहिलं: बांदा, परवरदा-ए-मनकर्णाबाई. म्हणजे मनकर्णाबाईंनी वाढवलेला बांदा. परवरदाच्या शेवटच्या अक्षराचं वळण मला स्वतःलाच आवडलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, यात माझं नाव कुठं हाय? मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या जागेवर फुंकर घातली, शाई वाळावी म्हणून.

नुमाइशीच्या दिवशी सकाळी झाड टांग्यातून नेलं. बागेत आंब्यांचे ढीग, वास, माश्या, शेरवान्या, फेटे. बायकांसाठी एका बाजूला चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे लावलेला मंडप होता. ती तिथं जाऊन बसली. झाड मोगऱ्याच्या कुंड्यांच्या रांगेच्या टोकाला बांबूला अडकवलेलं होतं आणि त्याच्या फांदीला दोऱ्यानं बांधलेली माझी चिठ्ठी.

पेशकार चिठ्ठ्या तपासत आला. फार घाईत होता. त्यानं आमची चिठ्ठी हातात घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि ती दोऱ्यातून सोडवून शेरवानीच्या खिशात टाकली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आज अर्ज-बिर्ज नक्को."

काय झालं हे मला तेव्हाच कळलं, कारण असल्या चुका पकडणं हाच माझा धंदा होता. उर्दूत बांदा आणि बंदा यांत फक्त एका अलिफाचा, म्हणजे एका उभ्या रेघेचा, फरक असतो. घाईत त्याच्या डोळ्यांतून तो अलिफ निसटला, आणि परवरदाच्या ज्या वळणाचं मला कौतुक होतं ते त्याला नुसती नक्षी वाटलं. त्यानं वाचलं, बंदापरवर. म्हणजे सेवकांचे पालनहार. आमच्याकडे निम्मे अर्ज याच शब्दानं सुरू होतात. मोठा हाकीम आला की कोणी तरी बाई कुठं तरी अर्ज चिकटवून ठेवते; त्याला वाटलं, मनकर्णाबाई नावाच्या बाईनं झाडाला अर्ज बांधला आहे. मी त्याला हाक मारायला पुढं झालो. खाकरलो. तोवर तो आंब्यांच्या मंडपात शिरला होता.

मग बँड वाजला आणि नाझिमसाहेब आले. उत्तरेकडचे गृहस्थ होते, बारीक दाढी, सावकाश चालणारे. मोगऱ्यांवरून त्यांची नजर नुसती फिरली. आमच्या झाडापाशी ते थांबले. वाकले. मुळ्यांखालून हात फिरवून तिथं काही भांडं आहे का ते पाहिलं. मग वास घेतला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांच्यामागची सगळी गर्दीही थांबली.

"किसका है?" त्यांनी विचारलं.

पेशकारानं चिठ्ठी शोधली, ती नव्हती. मोठ्या अदबीनं गयासभाई पुढं झाले आणि मला हातानं समोर करत म्हणाले, "मुतर्जिमसाब का, हुजूर." त्यात त्यांची काही खोट नव्हती. त्यांना माझं भलंच करायचं होतं. नाझिमसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की या हवेत हे झाड घरात फुलवणं हे इल्माचं काम आहे, तुम्ही कोणती किताब वाचली?

चार लोकांत माझं असं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं. सगळे बघत होते. मी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं; गप्प राहणं मला फार चांगलं जमतं. आणि खोटं सांगत नाही, त्या झाडात माझंही थोडं काही आहे असं मला त्या घटकेला वाटलं. पण समोर चिकाची एक काडी बोटानं वर झालेली मला दिसली.

मी म्हणालो, "नाही हुजूर, माझं नाही."

"फिर किसका?"

आता नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. चार अक्षरं, रोज मनात असलेली, ओठांपर्यंत येईनात. माझ्या जिभेला ते नाव घ्यायची एकच वाट माहीत होती, आणि ती कधी उघडली ते मला कळलंच नाही. शेकडो माणसांत, हैदराबादच्या हाकिमासमोर, मी मोठ्यानं उखाणा घेतला.

"आंब्याच्या फांदीवर बांदा, बांद्याला आला तुरा,
मनकर्णेनं वाढवला, मान तिचाच खरा."

 गर्दीत खुलताबादकडचे आंबेवाले शेतकरी होते, ते एकदम हसायला लागले. त्या हसण्यात टिंगल नव्हती. लग्नघरात हसतात तसं ते हसणं होतं. कोणी तरी मागून म्हणालं, पाव्हणं, आवाज येऊ द्या, पुन्हा घ्या. नाझिमसाहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तर्जुमे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दोन ओळींचा तर्जुमा सुचेना. तो गयासभाईंनी केला.

"हुजूर, झाड इनके घरवाली का है. और आज ये पहली बार उनका नाम लिए."

नाझिमसाहेबांनी चिठ्ठी विचारली. उखाण्यातल्या नावानं पेशकाराला खिशातला अर्ज आठवला, तो त्यानं काढून दिला, आणि मी, आता तोंड उघडलंच होतं म्हणून, अलिफाचा घोटाळा सांगितला. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि हसले. म्हणाले, पेशकारानं फारसं चुकीचं वाचलेलं नाही. जो बांदे को पाले, वह बांदापरवर. मग त्यांनी चोपदाराला हुकूम दिला की इनामवाल्यांची नावं पुकारायची तसं हेही पुकारावं.

चोपदार जाडजूड माणूस होता. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"मनकर्णाबाई, बांदापरवर, हाजिर हैं?"

ते नाव आंब्यांच्या ढिगांवरून, बागेच्या भिंतीपर्यंत गेलं. चिकामागं बांगड्या वाजल्या.

"हाजिर हाय," ती म्हणाली. 

नाझिमसाहेब स्वतः चिकाजवळ गेले आणि बाईंना विचारा म्हणाले, हे झाड कसं सांभाळलं. गयासभाई विचारायचे, ती सांगायची, ते उर्दूत उतरवायचे. मला कोणी विचारलं नाही आणि मला त्याचं फार बरं वाटलं. ती गरजेपेक्षा पुष्कळ जास्त बोलली. मुळ्या पांढऱ्या कधी होतात, गोणपाट कुठून बांधायचं, रिठा किती, सगळं. रॉकेलच्या डब्याचंही तिनं लपवलं नाही. झाड मातीत मरायला टेकलं होतं, ते मातीतून काढा असं यांनी किताबीत बघून सांगितलं, नाय तर हे आज नसतं, असं ती म्हणाली. चार लोकांत. गयासभाईंनी ते वाक्य उतरवताना माझ्याकडे भुवई उडवली. मी मोगऱ्याच्या कुंड्या मोजत असल्यासारखं केलं.

इनाम मिळालं नाही. चांदीचा पेला पाडाच्या केशरी रंगाच्या एका आंब्याला गेला, आणि मोगऱ्यातलं इनाम मोगऱ्याला. आमच्या झाडासाठी कोणता वर्गच ठेवलेला नव्हता. पण दिवसभर त्याच्यापुढं इतकी गर्दी होती की संध्याकाळपर्यंत फुलांवर धूळ बसली, आणि ती चिकातून पुनःपुन्हा निरोप पाठवत होती की लोकांना म्हणावं हात लावू नका.

परत येताना ती झाड मांडीवर घेऊन टांग्यात बसली. बाग मागं पडल्यावर म्हणाली, "उखाणा बरा व्हता. पर मनकर्णेनं म्हणलात. चार लोकांत बाई लावायचं व्हतं. त्या चोपदाराला कळलं, तुमाला नाय कळलं."

मी म्हणालो, मात्रा बसत नव्हत्या.

"मात्रा गेल्या खड्ड्यात," ती म्हणाली, आणि पदरानं एकेक फूल पुसायला लागली.

टांगेवाला आपल्या घोड्याशी काही तरी बोलत होता. त्यानं आम्हाला काहीच विचारलेलं नव्हतं. मी थोडा पुढं वाकलो आणि खाकरलो. मग खाकरणं सोडून सरळ म्हणालो, "हे झाड बघितलंस का? हे मनकर्णाबाईंचं आहे."

त्यानं मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, बरं आहे. मी त्याला ते जरा सविस्तर सांगू लागलो.

"आता घरापस्तोर त्याला घोडं हाकू द्या," ती म्हणाली. पण मी तिच्याकडे पाहिलं तर ती टांग्यात ताठ बसली होती. झाड तिनं बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरच्या माणसांना दिसेल असं धरलं होतं.